क्षेत्र लावल्यावरच उठणारे शिखर: कोबाल्ट नायोबेट ४२९ चे प्रकरण

कोबाल्ट, नायोबियम आणि ऑक्सिजन ४:२:९ या प्रमाणात असलेल्या ऑक्साइडची एक सिरॅमिक चकती क्रायोस्टॅटमध्ये बसवली आहे. या संयुगाला पुढे नुसते ४२९ म्हणू. चुंबकीय क्षेत्र शून्य ठेवून चकती थंड करत धारिता मोजली, तर २७ केल्विनच्या आसपास आलेखात फार तर एक बारीकसा मोड दिसतो. घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून तो सहज सुटतो. हीच मोजणी काही टेस्ला क्षेत्रात पुन्हा केली, की नेमक्या त्याच तापमानाला परावैद्युतांकाचे (धारितेवरून निघणारा, पदार्थ विद्युतक्षेत्राला किती दाद देतो ते सांगणारा आकडा) टोकदार शिखर उभे राहते. क्षेत्र काढले की शिखरही जाते.

चकती विद्युतदृष्ट्या जराशी गळकी किंवा ओली असेल, तर तिच्यावर दुसराही एक परिणाम दिसतो. तापमान २०० केल्विनच्या वर गेले की कमी वारंवारतेला परावैद्युतांक भराभर वाढू लागतो, आणि क्षेत्र लावल्यावर हा फुगलेला आकडाही थोडा हलतो. मोजणीच्या वहीत दोन्हींपुढे ‘मॅग्नेटोडायइलेक्ट्रिक परिणाम, अमुक टक्के’ (म्हणजे चुंबकीय क्षेत्राने परावैद्युतांकात झालेला बदल) असे लिहिता येते. पहिला परिणाम पदार्थाच्या चुंबकीय क्रमातून येतो. दुसऱ्याचा त्या क्रमाशी काहीही संबंध नसू शकतो. हे दोन परिणाम एकमेकांपासून वेगळे कसे करायचे, हा या प्रकरणाचा विषय. टक्क्यांच्या आकड्यावरून ते वेगळे होत नाहीत. शिखर क्षेत्राच्या वर्गाने वाढते का आणि ध्रुवीकरण (पदार्थातले धन-ऋण प्रभार एकमेकांपासून सरकणे) चिन्ह बदलते का, हे तपासले तरच होतात.

पदार्थ आणि त्याची सममिती

४२९ ची रचना कुरुंदाच्या, म्हणजे आल्फा-अॅल्युमिनाच्या, रचनेपासून निघते. अॅल्युमिनियमच्या जागा चारास दोन या प्रमाणात कोबाल्ट आणि नायोबियम वाटून घेतात. जाळी त्रिकोणी, अवकाशगट क्रमांक १६५, बाजू सुमारे ५.१७ अँगस्ट्रॉम, उंची सुमारे १४.१३ अँगस्ट्रॉम, आणि एका एककात दोन सूत्रे. यावरून क्ष-किरण घनता ५.७४ ग्रॅम प्रति घन सेंमी निघते. चकती किती दाट झाली हे पुढे याच आकड्याशी ताडून पाहायचे. कोबाल्टच्या दोन वेगवेगळ्या जागा आहेत, दोन्ही द्विसंयुजी, दोन्ही ऑक्सिजनच्या अष्टफलकात. या जागांचे मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनी थर बनतात, एक बराचसा सपाट आणि दुसरा वळ्या पडलेला.

या कुटुंबातल्या नायोबेट आणि टँटलेटांची रचना व चुंबकत्व बर्टो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अभ्यासले होते. १९७२ मध्ये यांतली काही संयुगे चुंबकविद्युत आहेत, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने त्यांत ध्रुवीकरण येते, हे दिसले, आणि त्यानंतर बराच काळ विषय मागे पडला. २०११ मध्ये सिरॅमिक नमुन्यात स्पिन-फ्लॉपशी (ठरावीक क्षेत्राला चुंबकीय आघूर्णांची मांडणी एकदम वळणे) बांधलेला परावैद्युत परिणाम नोंदला गेला. २०१४ मध्ये बहुस्फटिकी नमुन्यात चुंबकविद्युत गुणांक १८.४ पिकोसेकंद प्रति मीटर मिळाला. या विषयाचा मापदंड मानल्या जाणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडमध्ये हा आकडा फार तर ४ च्या आसपास जातो. २०१६ मध्ये एकस्फटिकांवरच्या न्यूट्रॉन विवर्तनाने जुने चित्र दुरुस्त केले: चुंबकीय आघूर्णे (कोबाल्टच्या अणूंचे छोटे चुंबक) उभ्या अक्षाकडे नसून जवळजवळ षट्कोनी थराच्या पातळीतच पडलेली आहेत.

शिखर क्षेत्रातच का उठते, याचे उत्तर सममितीत आहे. नील तापमानाखाली (४२९ मध्ये ते सुमारे २७ केल्विन) जो अँटिफेरोमॅग्नेटिक, म्हणजे आघूर्णे उलटसुलट असलेला, क्रम तयार होतो, तो जागेचे उलटणे आणि काळाचे उलटणे अशा दोन्ही सममिती मोडतो, पण दोन्ही एकदम केल्या तर टिकतो. ध्रुवीकरण जागा उलटवली की चिन्ह बदलते, चुंबकीय क्षेत्र काळ उलटवला की. म्हणून क्रम, ध्रुवीकरण आणि क्षेत्र या तिघांचा गुणाकार कोणत्याही उलटापालटीत तसाच राहतो आणि मुक्त ऊर्जेत त्याचे पद येऊ शकते.

क्षेत्र शून्य असेल तर हे पदही शून्य. मग क्रमाचा वर्ग गुणिले ध्रुवीकरणाचा वर्ग एवढेच दुबळे पद उरते, आणि त्याने नील तापमानाला फक्त मोड पडतो. क्षेत्र लावले की ध्रुवीकरण थेट चुंबकीय क्रमाला जोडले जाते. नील तापमानाजवळ त्या क्रमाची संवेदनशीलता प्रचंड वाढलेली असते. म्हणजे बाहेरून लावलेले विद्युतक्षेत्र आता आडमार्गाने चुंबकीय क्रमालाही ढकलते, आणि त्या ढकलण्याचा परतावा परावैद्युतांकात शिखर होऊन दिसतो. जोडणी जाताना एकदा आणि येताना एकदा वापरली जाते, म्हणून शिखराची उंची क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हा वर्ग फार उपयोगी आहे. त्यातून लगेच दोन गोष्टी निघतात. एक, क्षेत्राची दिशा उलटवली तरी शिखर तसेच राहिले पाहिजे. दोन, नमुन्यात क्रमाचे उलटसुलट डोमेन, म्हणजे प्रदेश, निम्मेनिम्मे असले तरी शिखर दिसेल, कारण वर्गात चिन्ह पुसले जाते. ध्रुवीकरणाचे तसे नाही. डोमेन सारखे वाटले गेले तर ते शून्यच येणार. शिखर पाहायला पोलिंग (क्षेत्रे लावून थंड करत एकाच प्रकारचे डोमेन निवडणे) लागत नाही, ध्रुवीकरण मोजायला लागते.

चकती बनवताना

पदार्थ तयार करणे सोपे आहे, शुद्ध तयार करणे तितके नाही. सुरुवात तीनास चार प्रमाणाच्या काळ्या कोबाल्ट ऑक्साइडपासून करावी. एकास एक प्रमाणाचा कोबाल्ट ऑक्साइड डबीत राहून थोडा ऑक्सिडाइझ झालेला असतो, आणि मग वजनावर भरवसा राहत नाही. नायोबियम पेंटॉक्साइड ६०० ते ७०० °से. ला रात्रभर तापवून, डेसिकेटरमध्ये गार करून लगेच तोलावे.

१० ग्रॅम ४२९ साठी काळा कोबाल्ट ऑक्साइड ५.६७७ ग्रॅम आणि नायोबियम पेंटॉक्साइड ४.७०० ग्रॅम लागतो. बेरीज १०.३७७ ग्रॅम होते. जास्तीचे ०.३७७ ग्रॅम म्हणजे बाहेर जाणारा ऑक्सिजन, कारण काळ्या ऑक्साइडमधले त्रिसंयुजी कोबाल्ट भट्टीत द्विसंयुजी होते. याचा सरळ फायदा घ्यावा: मुशीसकट वजन आधी आणि नंतर करावे. मिश्रणाची घट ३.६ टक्के आली तर अभिक्रिया पूर्णत्वाकडे गेली आहे. घट कमी आली तर काळा ऑक्साइड उरला आहे किंवा गार होताना परत तयार झाला आहे. घट जास्त आली तर कच्चा माल ओला होता.

अगेट खलात अॅसिटोन घालून तासभर, किंवा झिर्कोनियाच्या गोळ्यांनी सहा ते आठ तास दळावे. स्टीलची भांडी टाळावीत, कारण लोखंडाचा अंश चुंबकीय मोजणीत लगेच डोके वर काढतो. पहिली भाजणी ९०० °से. ला १२ तास, पुन्हा दळून दुसरी १००० °से. ला १२ ते २४ तास. मग २ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घालून १० मिमीच्या साच्यात दाबावे. १०० मेगापास्कल दाबासाठी या साच्यावर सुमारे ०.८ टन भार पुरतो. त्याहून फार जास्त दिल्यास चकती साच्यातून निघताना आडवे पापुद्रे सुटतात. बाइंडर जाण्यासाठी ५५० °से. ला दोन तास थांबावे आणि ११०० °से. ला १० ते २० तास सिंटर करावे. चढण-उतरण मिनिटाला २ ते ३ अंश. कोबाल्टची पूड श्वासात जाणे घातक आहे, म्हणून तोलणे, दळणे आणि पॉलिश करणे मास्क व हातमोजे घालूनच.

चकती थेट अॅल्युमिनाच्या मुशीवर ठेवू नये. ११०० अंशांना कोबाल्ट अॅल्युमिनात शिरते आणि कोबाल्ट अॅल्युमिनेट बनते. चकती उचलल्यावर मुशीच्या तळाला निळे वर्तुळ उमटलेले दिसले तर तेच ते, आणि तेवढे कोबाल्ट चकतीच्या खालच्या तोंडातून गेलेले आहे. खाली त्याच मिश्रणाच्या पुडीचा दोन मिलिमीटरचा थर पसरावा आणि भाजणीनंतर चकतीची दोन्ही तोंडे घासून टाकावीत.

कोबाल्ट कमी पडले की कोलंबाइट रचनेचा १:२:६ नायोबेट तयार होतो. हिशोब असा: कोबाल्टमध्ये १ टक्का तूट, म्हणजे वरच्या वजनात ५७ मिलिग्रॅम काळा ऑक्साइड कमी, आणि अंतिम पुडीत वजनाने साधारण ०.८ टक्के कोलंबाइट. उलट नायोबियम पेंटॉक्साइडमध्ये १ टक्का ओल राहिली तर कोबाल्ट जास्त होते आणि अर्ध्या टक्क्याच्या वर काळा ऑक्साइड उरतो.

या दोन अशुद्धींत कमी वाईट कोणती? कोलंबाइट. तो चुंबकीयदृष्ट्या २.९५ केल्विनला जागा होतो, २७ केल्विनला निव्वळ पॅरामॅग्नेट असतो आणि मोजणीत लुडबूड करत नाही. काळा ऑक्साइड मात्र ३० ते ४० केल्विनच्या पट्ट्यात अँटिफेरोमॅग्नेटिक होतो, आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या गटाने २०१६ मध्ये दाखवल्याप्रमाणे तो स्वतःच रेषीय चुंबकविद्युत आहे. म्हणजे क्षेत्र लावल्यावर त्याचेही छोटे शिखर उठू शकते, आणि तेही आपल्या शिखराला खेटून. २७ केल्विनच्या वरच्या बाजूला क्षेत्राने वाढणारा कुबड दिसला तर ४२९ मध्ये नवा टप्पा सापडला असे जाहीर करण्याआधी पुडीकडे परत जावे. प्रमाण नेमके साधता येत नसेल तर कोबाल्ट अगदी किंचित कमी पडलेले परवडते.

क्ष-किरणांनी तपासताना एक अडचण येते. कॉपर के-आल्फा किरणांनी कोबाल्ट स्वतः चमकू लागते आणि पार्श्वभूमी इतकी वर येते की एक-दोन टक्के अशुद्धी तिच्यात बुडून जाते. मोनोक्रोमेटर किंवा ऊर्जा निवडणारा डिटेक्टर वापरावा, नाहीतर कोबाल्टची ट्यूब. कॉपरच्या मापात कोलंबाइटची ठळक रेषा ३०.३ अंशांना येते. काळ्या ऑक्साइडची सर्वांत ठळक रेषा ३६.९ अंशांना येते, पण ४२९ ची स्वतःची (११२) रेषाही ३७ अंशांच्या आसपासच बसते. तिच्यावरून निकाल देऊ नये, ३१.३ आणि ६५.२ अंशांच्या रेषा शोधाव्यात. या दोन ठिकाणी सावकाश, लांब मोजणी केलेली बरी.

चुंबकीय तपासणी

०.१ टेस्लाला संवेदनशीलता मोजली की २७ केल्विनला स्वच्छ वळण दिसते. वरच्या तापमानाला क्युरी-वाइस नियम लावून येणारे आघूर्ण दर कोबाल्टला ४.७ ते ५.२ बोर मॅग्नेटॉनच्या दरम्यान असेल. फक्त स्पिनचा हिशोब ३.८७ सांगतो, वरचा भाग कक्षीय आघूर्णाचा आहे, आणि ४२९ मधली तीव्र दिशात्मकता त्यातूनच येते. आकडा ४.५ च्या खाली आला तर वजनात किंवा त्रिसंयुजी कोबाल्टात काहीतरी चुकले आहे. १० केल्विनला क्षेत्र वाढवत चुंबकन मोजावे. बहुस्फटिकी नमुन्यात १.२ टेस्लाच्या आसपास उतार बदलतो, तो स्पिन-फ्लॉप. हे क्षेत्र लिहून ठेवावे, परावैद्युत आलेखात ते पुन्हा भेटते.

न्यूट्रॉनने चुंबकीय रचना पाहायची असेल तर महाराष्ट्रातल्या संशोधकांना फार लांब जावे लागत नाही. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरची पावडर डिफ्रॅक्टोमीटर यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांतल्या गटांना वापरता येतात. त्यासाठी मात्र काही ग्रॅम पूड लागते, म्हणून १० ग्रॅमची खेप करणे शहाणपणाचे.

धारितेची मोजणी

चकती घासून ०.५ मिमी जाड करावी. दोन्ही तोंडे १० मायक्रोमीटरच्या आत समांतर असावीत. मग १३० °से. ला काही तास वाळवून लगेच सोन्याचे स्पटरिंग करावे. ८ मिमी व्यासाचे इलेक्ट्रोड धरले आणि परावैद्युतांक १५ मानला, तर धारिता १३.४ पिकोफॅरड येते. तिच्यात ०.१ टक्का बदल म्हणजे १३ फेम्टोफॅरड. साध्या कोअॅक्सियल तारेची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असते. साध्या दोन तारांनी हे जमणार नाही. दोन्ही बाजूंना स्वतंत्र कोअॅक्स, बाहेरची जाळी नमुन्याजवळ एकत्र जोडलेली, आणि क्रायोस्टॅटमधली तार चांगली आवळून बसवलेली हवी. एलसीआर मीटर १ किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झसाठी ठीक आहे. शून्य क्षेत्रातला मोड पाहायचा असेल तर धारिता ब्रिज लागतो.

चकती सैल ठेवली तर क्षेत्रात तिच्यावर बळ आणि पीळ येतो, तार हलते, आणि धारिता बदलते. हा बदल तापमानाबरोबर चुंबकनासारखाच वागतो, म्हणून खरा वाटतो. पातळ वार्निशाने चकती नीलमण्याच्या पट्टीवर चिकटवावी. चकतीच्या जागी त्याच मापाची क्वार्ट्झची चकती बसवून सगळी मोजणी एकदा करावी, म्हणजे उपकरणाचे स्वतःचे योगदान कळते. याशिवाय एक मर्यादा कायम लक्षात ठेवावी: क्षेत्राने चकतीची लांबी-जाडी एक लाखांश ते दहा हजारांश भागाने बदलू शकते, आणि तेवढ्यानेच धारिता ०.००१ ते ०.०१ टक्का हलते. यापेक्षा लहान बदलाला जोडणी म्हणू नये.

तापमान मिनिटाला १ केल्विन किंवा त्याहून हळू बदलावे. तापताना आणि गार होताना शिखर वेगळ्या जागी दिसले तर थर्मामीटर आणि चकती यांच्यात अंतर पडले आहे. हे संक्रमण दुसऱ्या प्रकारचे असल्याने खरी पिछाडी अपेक्षित नाही. थर्मामीटर चुंबकीय क्षेत्रात किती चुकतो तेही पाहावे. प्लॅटिनमचा थर्मामीटर या तापमानाला क्षेत्रात भरवशाचा नाही, सर्नॉक्स प्रकारचा चालतो.

आता मुख्य मोजणी. ०, ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ टेस्लाला, मग २, ४, ६, ८ टेस्लाला २० ते ३५ केल्विनचा पट्टा चालवावा. शिखराची वाढ क्षेत्राच्या वर्गासमोर मांडावी. कमी क्षेत्रात वाढ फार लहान असते, तरी ब्रिजने ती दिसली तर सरळ रेषेवर बसायला हवी. १.२ टेस्लाजवळ रेषा मोडते, कारण आघूर्णांची मांडणीच बदलू लागते, आणि सिरॅमिकमध्ये शिखर ठळक होते ते त्याच्या पुढे. चुंबकनातला उतार आणि परावैद्युतांकातला बदल एकाच क्षेत्राला होणे, हा या प्रकरणातला सर्वांत समाधानकारक पुरावा आहे. दोन वेगळी उपकरणे, दोन वेगळ्या तारा, आणि उत्तर एकच. नंतर क्षेत्र उलटे करून एक फेरी घ्यावी. शिखर हुबेहूब तेच यायला हवे. वारंवारता १ किलोहर्ट्झवरून १ मेगाहर्ट्झवर नेली तरी शिखराची जागा सरकता कामा नये, आणि टॅन डेल्टा (विद्युत ऊर्जेच्या नुकसानीचे माप) ०.०१ च्या खाली राहायला हवा.

उंच तापमानाचा फसवा परिणाम

२०० केल्विनच्या वर दिसणारा बदल या कसोट्यांवर लगेच उघडा पडतो. सिरॅमिक चकती म्हणजे विद्युतदृष्ट्या दोन प्रकारचे थर: वाहणारे कण, आणि त्यांच्या सीमा किंवा इलेक्ट्रोडलगतचे कमी वाहणारे पातळ पट्टे. कमी वारंवारतेला प्रभार कणांतून धावतो आणि पट्ट्यांवर अडून साठतो. अर्धा मिलिमीटरच्या चकतीत असे पट्टे मिळून २ मायक्रोमीटर असतील, तर १५ परावैद्युतांकाचा पदार्थ ३७५० दाखवतो. पदार्थात काहीही बदललेले नसते; मोजलेली जाडी फक्त ५०० ऐवजी २ मायक्रोमीटर झालेली असते.

आता कणांचा रोध चुंबकीय क्षेत्राने थोडा जरी बदलला, तरी हा साठा कोणत्या वारंवारतेला भरतो ते बदलते, आणि ठरलेल्या वारंवारतेला मोजलेली धारिता हलते. चुंबकरोध आणि थर एवढ्यानेच मॅग्नेटोडायइलेक्ट्रिक परिणामाची हुबेहूब नक्कल होते, हे २००६ मध्येच स्पष्ट मांडले गेले आहे. तरीही नंतरच्या कितीतरी लेखांत, विशेषतः लँथेनम-कोबाल्ट-मँगनीजच्या दुहेरी पेरोव्हस्काइटवरच्या, हजारातले परावैद्युतांक आणि त्यांचे क्षेत्राबरोबरचे बदल पुरेशा तपासणीशिवाय छापले गेले. ते पदार्थ अर्धवाहक आहेत आणि त्यांना चुंबकरोध आहे. तिथे हा धोका कितीतरी पट मोठा.

ओळखायच्या युक्त्या अशा. धारितेतला बदल जिथे मोठा, तिथेच टॅन डेल्टाचे शिखर असेल आणि दोन्ही वारंवारतेबरोबर सरकत असतील तर परिणाम थरांचा. चकती घासून अर्धी जाड केली आणि परावैद्युतांकही अर्ध्यावर आला तर तो इलेक्ट्रोडलगतचा, कारण पदार्थाचा गुणधर्म जाडी पाहत नाही. सोन्याच्या जागी सिल्व्हर पेंट लावून आकडा बदलला तरी निष्कर्ष तोच. कणसीमांचा परिणाम जाडीने बदलत नाही, तो इम्पीडन्सच्या दोन वेगळ्या अर्धवर्तुळांवरून ओळखावा. क्षेत्र लावल्यावर कोणते अर्धवर्तुळ आकुंचन पावते ते पाहिले की नेमका कुठला रोध हलला ते कळते. आणि १८० ते २७० केल्विनमध्ये दिसणारा विस्तृत कुबड अनेकदा छिद्रांत अडकलेल्या पाण्याचा असतो. चकती निर्वातात वाळवून पुन्हा मोजली की तो नाहीसा होतो. ८५ टक्क्यांपेक्षा कमी दाट चकतीवर ही मोजणी करूच नये.

२७ केल्विनला हे सगळे थर गोठलेले असतात. ४२९ तिथे उत्तम रोधक आहे, प्रभार धावायला मोकळा नाही. म्हणून या तापमानाचे शिखर वारंवारतेला जुमानत नाही.

ध्रुवीकरणाची चिन्हपरीक्षा

शिखर चिन्ह सांगत नाही, म्हणून शेवटची खात्री पायरोविद्युत प्रवाहाने, म्हणजे तापवताना ध्रुवीकरण बदलल्याने वाहणाऱ्या प्रवाहाने, करावी. ४० केल्विनवर असताना ४ टेस्ला क्षेत्र आणि सेंमीला ५ किलोव्होल्ट, म्हणजे आपल्या चकतीवर २५० व्होल्ट, लावावेत. दोन्ही तसेच ठेवून ५ ते १० केल्विनपर्यंत थंड करावे. मग व्होल्टेज काढून दोन्ही इलेक्ट्रोड अर्धा ते एक तास जोडून ठेवावेत, उरलासुरला प्रभार वाहून जाऊ द्यावा. क्षेत्र तसेच ठेवून मिनिटाला ३ केल्विनने तापवत इलेक्ट्रोमीटरने प्रवाह नोंदवावा.

किती प्रवाह अपेक्षित आहे? १८.४ पिकोसेकंद प्रति मीटर हा गुणांक घेतला तर ४ टेस्लाला ध्रुवीकरण चौरस मीटरला ५८ मायक्रोकूलम्बच्या आसपास येते. ८ मिमीच्या इलेक्ट्रोडवर हा प्रभार २.९ नॅनोकूलम्ब. तो ५ केल्विनच्या पट्ट्यात निघून गेला तर १०० सेकंदांत सरासरी २९ पिकोअॅम्पिअर. इतका प्रवाह इलेक्ट्रोमीटरला सोपा आहे, पण क्रायोस्टॅटच्या तारा कंप पावत असतील तर त्या स्वतःच तेवढा गोंगाट करतात. पंपाला जोडलेली नळी वाळूच्या पेटीतून घ्यावी.

व्होल्टेज लावताना हेलियम वायूकडे लक्ष हवे. कमी दाबाच्या हेलियममध्ये शे-दोनशे व्होल्टलाही ठिणगी पडू शकते, आणि एकदा पडली की इलेक्ट्रोडच्या कडेला काळा डाग आणि पुढच्या सगळ्या मोजण्यांत गळती. उघड्या जोडण्यांवर वार्निश लावावे, किंवा कक्ष उच्च निर्वातात ठेवावा. चकती मग फक्त खालच्या पट्टीतून गार होते, वेग कमी करावा लागतो.

यानंतर चार फेऱ्या घ्याव्यात. पोलिंगचे विद्युतक्षेत्र उलटवले की ध्रुवीकरण उलटते. पोलिंगच्या वेळी चुंबकीय क्षेत्र उलटे, विद्युतक्षेत्र तेच, आणि मोजणीही त्याच उलट्या चुंबकीय क्षेत्रात केली तर ध्रुवीकरणाची दिशा तीच राहते, कारण डोमेन स्वतःला जुळवून घेतात. थंड झाल्यावर, डोमेन पक्के असताना, फक्त चुंबकीय क्षेत्र शून्यातून पार करून उलटे केले तर ध्रुवीकरण शून्यातून जाऊन उलटते. चौथी फेरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा गाळली जाते: चुंबकीय क्षेत्राशिवाय फक्त व्होल्टेज लावून थंड करावे आणि मग क्षेत्रात तापवावे. क्षेत्राशिवाय ४२९ मध्ये ध्रुवीकरणच नाही, त्यामुळे व्होल्टेज डोमेन निवडू शकत नाही आणि प्रवाह जवळजवळ शून्य यायला हवा. तरीही शिखर आले तर तो सापळ्यात अडकलेला प्रभार आहे. तापवण्याचा वेग दुप्पट करून पाहावा. खरे पायरोविद्युत शिखर जागेवर राहते आणि उंचीने दुप्पट होते, एकूण प्रभार तेवढाच. अडकलेल्या प्रभाराचे शिखर वरच्या तापमानाकडे सरकते.

तापमान १० केल्विनला स्थिर ठेवून क्षेत्र मिनिटाला ०.६ टेस्लाने बदलले तर त्याच गुणांकाने ७.४ पिकोअॅम्पिअरचा प्रवाह मिळतो. तो क्षेत्राच्या बदलाच्या वेगाच्या प्रमाणात असतो, आणि वाढते क्षेत्र उतरते केले की चिन्ह बदलतो. ही मोजणी तापवण्यापेक्षा स्वच्छ येते, कारण अडकलेला प्रभार तापमान न बदलल्याने हलत नाही.

चकती जिथे थांबते

बहुस्फटिकी चकतीत सगळ्या दिशांची सरासरी होते. गुणांक एकच आकडा म्हणून येतो, प्रत्यक्षात तो दिशांप्रमाणे बदलणारा सारणीसारखा आहे. फ्लोटिंग झोन पद्धतीने वाढवलेल्या एकस्फटिकांवर ३० पिकोसेकंद प्रति मीटरपर्यंतचे आकडे नोंदले गेले आहेत. त्याहून रोचक निरीक्षण २०१७ चे: षट्कोनी थराच्या पातळीत चुंबकीय क्षेत्र एका दिशेने फिरवले, तर ध्रुवीकरण विरुद्ध दिशेने आणि दुप्पट कोनाने फिरते. क्षेत्र ४५ अंश फिरले तर ध्रुवीकरण उलट्या अंगाने ९० अंश. चकतीत या फिरण्याचा मागमूसही लागत नाही. त्यासाठी क्ष-किरणांच्या लाउए पद्धतीने दिशा ठरवून कापलेला स्फटिक, त्याच्या दोन लंब तोंडांवर वेगवेगळे इलेक्ट्रोड आणि फिरता प्रोब लागतो. क्षेत्र स्पिन-फ्लॉपच्या बरेच वर ठेवावे लागते, म्हणजे आघूर्णे क्षेत्राच्या मागोमाग मोकळेपणाने वळतात.